काचेचं भांडं

हेमलतानं शेवटचं स्टीलचं पातेलं माळ्यावर ढकललं आणि ती स्टुलावरून खाली उतरली. सासरे, गुलाबराव, दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते. ती उतरली तरी त्यांनी ते सोडलं नाही.

"सगळीच वर टाकली?"

"दुपारी तुमच्या हाताशी नको यायला, मामाजी. स्टील या मशीनीत चालत नाही. ठिणग्या उडतात."

ओट्यावर नवा मायक्रोवेव्ह होता. ऑक्टोबरात सासऱ्यांनी चहासाठी गॅस सोडला आणि काडी न लावताच ते अंगणात जाऊन बसले. शेजारच्या शकुबाईंना वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून हेमलता सकाळी निघताना रेग्युलेटर काढून कपाटात कुलूप लावून ठेवायची. नवरा कटनीला, रेल्वेत. रविवारी तेवढा घरी यायचा. "देख, नाही जमून राहिलं तर सोड नोकरी," असं मोहन फोनवर म्हणाला होता. तिचे हात कणकेत होते म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि गुलाबराव तिथंच लसूण सोलत बसले होते. सदर भागातल्या शाळेच्या ऑफिसात तिला एकोणीस वर्षं झाली होती.

तिनं एकेक भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. जाड काचेचं, मायक्रोवेव्हचं म्हणून आणलेलं चालतं. सोनेरी काठाचे कप नाही चालत; तो काठही धातूचाच. आइस्क्रीमचा रिकामा डबा तर नकोच, वितळेल. पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्याची तिची तिलाच खात्री नव्हती. तिनं तो रिकामाच आत ठेवला, शेजारी काचेच्या ग्लासात पाणी ठेवलं आणि मिनिटभर मशीन चालवली. पाणी तापलं, वाडगा गारच राहिला.

"म्हणजे हा पास," गुलाबराव म्हणाले.

"हो. झाकण सैल ठेवायचं. आत चमचा ठेवायचा नाही. दोन मिनिटं. काढताना फडकं घ्यायचं. समजलं न?"

"समजलं, बाई."

अडतीस वर्षं फॅक्टरीत काढलेला माणूस सुनेपुढे शाळकरी पोरासारखा मान हलवत होता. हेमलताला ते दिसलं. पण त्याचं वाईट वाटून घ्यायलाही तिच्यात जीव उरला नव्हता.

मग रोज एक वाजता ती ऑफिसातून फोन करायची.

"जेवले?"

"जेवलो."

"गरम केलं होतं?"

"हो न. दोन मिनिटं."

"कसं होतं?"

"चांगलं होतं."

संध्याकाळी रांझीला जाणाऱ्या बसमध्ये उभं राहून ती घरी पोचायची, तेव्हा काचेचं भांडं धुऊन पालथं घातलेलं असायचं. ती ते उचलायची आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागायची. डिसेंबर असाच गेला.

जानेवारीत थंडी इतकी वाढली की एका गुरुवारी शाळा मधेच सोडून दिली. हेमलता साडेबाराला घरी आली. अंगणाचं फाटक उघडंच होतं. गुलाबराव मफलर गुंडाळून हौदाजवळ खुर्ची टाकून बसले होते. हौदाच्या कट्ट्यावर, उन्हाच्या पट्ट्यात काचेचं भांडं होतं, वर वर्तमानपत्र झाकलेलं. ऊन जरा सरकलं होतं. त्यांनी उठून भांडं वीतभर पुढे सरकवलं आणि वळले, तर फाटकात सून.

"हे काहून इथं?"

"ऊन चांगलं पडलं आज," ते म्हणाले.

तिनं वर्तमानपत्र उचललं. कालचं वरण आणि भात. काच वरून कोमट झाली होती. बोट आत घातलं तर भात फ्रिजमधून काढल्यासारखा गार.

"मशीन बिघडली काय?"

गुलाबराव खुर्चीत बसले. मफलरचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"पहिल्याच दिवशी चमचा आत राहिला माझ्याकडून. निळा जाळ निघाला, चर्र करून. मी वायर ओढली. मग हात नाही लावला."

"महिना झाला, मामाजी! मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असती."

हेमलता कट्ट्यावर टेकली. या महिन्यात कितीतरी संध्याकाळी, बसच्या दांड्याला लोंबकळताना, कुठलं तरी निमित्त मिळावं आणि ही नोकरी सुटावी असं तिला वाटून गेलं होतं. ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. ती भांडं उचलून आत गेली.

मायक्रोवेव्हच्या आतल्या भिंतीवर मसुरीएवढा काळा डाग होता. तिनं तो पुसला. पत्रा शाबूत होता. प्लग लावून आधी ग्लासभर पाणी तापवून पाहिलं, तापलं. मग काचेचं भांडं आत ठेवलं, झाकण सैल केलं.

"चमचा काढला?" दारातून गुलाबरावांनी विचारलं.

"काढला."

"पाह्य बरं एकदा."

तिनं झाकण उचलून दाखवलं. दार लावून ती बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात ते मधे येऊन उभे राहिले. आडवा हात धरून त्यांनी तिला पाऊलभर मागे सारलं.

"तू मागं हो," ते म्हणाले. "मी दाबतो."

बटण दुसऱ्यांदा लागलं. घरघर सुरू झाली, पिवळ्या उजेडात भांडं गोल फिरू लागलं. दोन मिनिटं ते तिच्यापुढे तसेच आडवे उभे राहिले. मशीन वाजली तशी गुलाबराव दचकले. मग फडक्यात धरून त्यांनी भांडं स्वतःच टेबलावर आणलं. झाकण काढल्यावर वाफेनं त्यांचा चष्मा पांढरा झाला. तो त्यांनी पुसलाही नाही. तसेच जेवायला लागले. हेमलता समोर बसून बघत राहिली.

चौथ्या घासाला ते थांबले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

महिनाभर फोनवर रोज 'चांगलं होतं' एवढंच ऐकलेली हेमलता उठली. ओट्याकडे तोंड करून ती जराशी उभी राहिली, मग मिठाची बरणी घेऊन वळली.