चांगल्या हाताची चाचणी

"हात द्या, बाबा," सून म्हणाली, आणि सासऱ्यांनी हात दिला. चांगला दिला. दुसरा खांद्यातून हलत नव्हता, त्याचंच तर ऑपरेशन होतं. आणि कोणी हात मागितला की माणूस जो हलतो तोच पुढे करतो. पुढे चूक कोणाची हे ठरवायला पुष्कळ जण सरसावले, पण यात बाबांची चूक नव्हती यावर सगळ्यांचं एकमत होतं.

सून भूल देणारी डॉक्टर होती. सासरे तिची ओळख करून देताना "सून इस्पितळात असते" एवढंच सांगत. ऐकणाऱ्याने मग चौकशीच्या खिडकीपासून धुलाईखान्यापर्यंत काय ते समजून घ्यावं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणत, "डॉक्टर म्हणजे बरा करतो तो. ही झोपवते. झोप काय, मला दुपारी वर्तमानपत्रानंही लागते."

ते स्वतः वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर दुकानांचे तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, आणि एकदा सख्ख्या मेहुण्याच्या दुकानाला सील ठोकलं. मेहुणा त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलला नाही. बाबा हे बढती मिळाल्याच्या थाटात सांगत.

उजव्या खांद्याचा स्नायू फाटल्यापासून त्यांना आडवं होता येत नव्हतं. ते खुर्चीत बसून झोपत, म्हणजे खुर्चीत बसत. पूर्ण भूल त्यांच्या हृदयाला झेपणार नाही असं हृदयाच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं, म्हणून नुसता हात बधिर करायचं ठरलं. मानेच्या बाजूला सुई घालून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्याशी औषध सोडायचं, की खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प. माणूस जागा राहतो, हवं तर गप्पाही मारतो. बाबांच्या बाबतीत 'हवं तर' हा प्रश्न नव्हता.

सुई सुनेनंच घालावी हा त्यांचाच हट्ट. "विश्वास वगैरे नाही," ते मुलाला म्हणाले. "घरचं माणूस पळून जाऊ शकत नाही, म्हणून."

त्या सकाळी ऑपरेशनच्या अलीकडच्या खोलीत भिंतीतला प्लग जळाला होता. सोनोग्राफीच्या मशीनची वायर पुरेना म्हणून स्ट्रेचर उलटं फिरवलं. बाबांना एसीची थंडी वाजत होती, तर सुनेनंच पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, नीट खोचलं. सर्जननं उजव्या खांद्यावर जांभळ्या पेननं काढलेला बाण त्याखाली गेला. एरवी सलाइन कुठल्या हाताला आहे यावरून तरी ध्यानात आलं असतं. पण हाताच्या शिरा सापडेनात म्हणून त्या दिवशी सलाइन पायाला होतं.

एवढं सगळं होऊनही एक नियम उरतो. सुई टोचण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, सिस्टरनं "कुठली बाजू?" असं मोठ्यानं विचारायचं, आणि सगळ्यांनी मोठ्यानं सांगायचं. सिस्टरनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी सोनोग्राफीच्या मशीनकडे मान वळवली.

"याची तपासणी शेवटची कधी झाली? शिक्का कुठे आहे?"

सगळे हसले. सूनही हसली. तेवढ्या हसण्यात तो नियम वाहून गेला. "हात द्या, बाबा," ती म्हणाली.

हात सुरेख बधिर झाला. तिच्या हातून सुई इतकी नेमकी क्वचित बसली होती. पंधराएक मिनिटांनी सिस्टरनं खांद्याला औषध फासायला पांघरूण काढलं, आणि हातात बोळा धरून तशीच उभी राहिली. बाण एकीकडे होता आणि मेलेला हात दुसरीकडे.

सर्जन आला. बघितलं. हळूच म्हणाला, "आता या बाजूलाही दिलंस तर?"

"श्वासाचा पडदा," सून म्हणाली. "एका सुईनं अर्धा झोपतो. दोन्ही बाजू एकाच दिवशी नाही देता येत."

"म्हणजे आज नाही."

"आज नाही."

"माझा हात कुठे गेला?" बाबांनी विचारलं. आवाज बसला होता. तेही त्याच सुईनं होतं.

"इथंच आहे, बाबा."

"कुठला?"

सर्जननं सुनेच्या नवऱ्याला आत बोलावलं. नवरा जाहिरातींचा मजकूर लिहायचा. हलक्या साबणाला 'सौम्य' म्हणणं हा त्याचा धंदा. त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं, आणि बापाच्या उशाशी जाऊन म्हणाला, "बाबा, आज चाचणी होती."

"कसली?"

"औषध मानवतं का बघायची. आधी चांगल्या हातावर घेतात."

बाबांचा डावा डोळा अर्धा मिटला होता. हाही त्या औषधाचाच परिणाम, दुसऱ्या दिवशी आपोआप जातो. उरलेल्या दीड डोळ्यांनी ते छताकडे बघत विचार करत राहिले.

"म्हणजे वजन करण्याआधी रिकामा काटा तपासतात, तसं?"

"अगदी तसंच!" सर्जन आणि नवरा एका सुरात म्हणाले. सिस्टर बोळा टाकायला गेली. सून काही बोलली नाही. आणि त्यांच्या घरात गप्प बसण्याला होकारच धरत.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

घरी आल्यावर दिवसभर बाबांना दोन्ही हात नव्हते. एक दुखत होता, दुसरा शेजारच्याचा असावा तसा उशीवर पडला होता. सुनेनं त्यांना घास भरवले. खाता खाता ते फोन करवून घेत, सून कानाशी फोन धरी, आणि ते घोगऱ्या आवाजात सांगत, "आधी चांगल्या हातावर तपासलं. हे दुसरा कोणी करत नाही. माझी सून करते. डॉक्टर आहे ती."

डॉक्टर आहे ती! लग्नापासून ज्या वाक्याची तिनं वाट पाहिली ते तिला असं, दुसऱ्याचा फोन धरून, ऐकावं लागलं.

संध्याकाळी कर्नल आले. हे खालच्या मजल्यावरचे, बाबांचे फिरायला जायचे सोबती. सैन्याशी संबंध मिशांपुरता. दारातच थबकले.

"काय रे, म्हातारपणी डोळा काय मारतोस?"

"औषधानं होतं," सून म्हणाली.

कर्नल चाचणीची हकीकत कौतुकानं ऐकत बसले. त्यांच्याही मनगटाचं ऑपरेशन व्हायचं होतं, दुसऱ्या इस्पितळात.

त्या तीन आठवड्यांत सुनेला घरात न मागता चहा मिळू लागला. आधी बाबा रक्तदाबाचं औषधाच्या दुकानदाराला विचारत, आता तिला विचारू लागले. तिला "डॉक्टर" अशी हाक मारू लागले, तीही आतल्या खोलीतून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. रोज सकाळी कामाला निघताना ती त्यांच्या खुर्चीपाशी थांबून विचारी, "झोप लागली का, बाबा?"

"कसली झोप," ते म्हणत, उजवा कोपर पोटाशी धरून. "पण काम पक्कं व्हायचं तर वेळ लागणारच. तू काळजी करू नकोस."

मग तिला लिफ्टमध्ये आरशाकडे पाठ करून उभं राहावं लागे.

"सांगायला हवं," ती नवऱ्याला म्हणाली.

"सांग की. फक्त मला आधी कामानं बाहेरगावी जाऊ दे."

"चेष्टा नको करूस."

"चेष्टा नाही. मेहुण्याला सील ठोकणारा माणूस आहे. तुला जेवताना रोज ऐकायचंय का, मरणापर्यंत? त्यांच्या किंवा तुझ्या. आणि आता ते खूश आहेत. तूही आहेस."

शेवटचे दोन शब्द त्यानं सहज टाकले. पण ते खरे असल्यामुळे ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग कर्नलांची तारीख ठरली. ते स्वतः वर सांगायला आले.

"मी आमच्या डॉक्टरला बजावलंय. आधी चांगल्या हातावर चाचणी, मग दुसरं काय ते. नाही म्हणत होता. म्हटलं, आमच्याकडे एक बाई आहेत, त्या करतात."

"काका, त्याची गरज नसते," सून म्हणाली.

"वा! सासऱ्याला एक न्याय आणि शेजाऱ्याला एक?"

"काकूंना उठवायचं, बसवायचं कोणी मग दिवसभर? दोन्ही हात गेल्यावर?"

कर्नलांची बायको अंथरुणाला खिळली होती. "काढीन एक दिवस कसाबसा," ते म्हणाले. "धोका नको."

"शाबास," बाबा खुर्चीतून म्हणाले. "डॉक्टरचं नाव सांग तिथे."

बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी प्लग दुरुस्त झाला होता, स्ट्रेचर सरळ होतं आणि पांघरूण कमरेपर्यंतच होतं. बाण ठळक काढला होता; सर्जननं या वेळी त्याला शेपूटही जोडलं होतं. सिस्टरनं दाराबाहेर ऐकू जाईल असं विचारलं, "कुठली बाजू?"

"उजवी," सर्जन म्हणाला.

"उजवी," बाबा म्हणाले. "डावीची चाचणी झालेली आहे."

सिस्टरनं सुनेकडे बघितलं. सुनेनं सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

"बाबा, चाचणी नव्हती. असं कोणी करत नाही. मी चुकीच्या बाजूला सुई घातली होती."

सर्जनला एकदम बाहेर काहीतरी काम आठवलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे रिकामा काटा...?"

"नाही. चूक. माझी."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुमच्या मुलाला, सर्जनना, सिस्टरना."

"मला सोडून सगळ्यांना." ते छताकडे वळले. मग म्हणाले, "तीन आठवडे मी खुर्चीत झोपलो."

"हो, बाबा."

"आणि तू रोज सकाळी विचारायचीस, झोप लागली का."

माफी मागायची म्हणून ठरवून आणलेली वाक्यं होती, ती तिला नवऱ्यानं लिहून दिल्यासारखी वाटली. ती नुसती उभी राहिली.

"दुसऱ्या कोणाला तरी बोलाव," बाबा म्हणाले.

"हो."

ती दाराशी गेली तेव्हा मागून आवाज आला, "बोलावून परत ये. इथे उभी राहा."

"मी?"

"सील ठोकताना दुकानदार समोर लागतो."

दुसरा डॉक्टर आला. तो तिच्या हाताखाली शिकलेला. तिच्यासमोर सुई घालताना त्याचे कान लाल झाले. सिस्टरनं पुन्हा बाजू विचारली. बाबांनी उत्तर दिलं नाही, सुनेकडे बघितलं. ती मोठ्यानं म्हणाली, "उजवी." मग त्यांनी मान फिरवून दिली.

ऑपरेशन चांगलं झालं.

संध्याकाळी बाबा उशांना टेकून, पण बऱ्याच दिवसांनी आडव्यासारखे पडले होते. उजवा हात झोळीत, आवाज घोगरा, उजवा डोळा अर्धा मिटलेला. त्याच घोगऱ्या आवाजात त्यांनी चहा आणणाऱ्याला कप भरून का नाही म्हणून चांगलं दोन मिनिटं सुनावलं होतं. नवरा खिडकीशी उभा राहून मोबाईलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी वाचत होता. कर्नल आले.

"काय? आज आधी तपासलं ना चांगल्या हातावर पुन्हा? माझा डॉक्टर परवा करतोय एकदाचा. कबूल झाला. भांडलोच मी."

बाबांनी डाव्या हातानं गळ्याकडे बोट दाखवलं. आवाज नाही, बोलता येत नाही.

"असू दे, असू दे. तुम्ही सांगा, डॉक्टर."

सुनेनं बाबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. पाहिजे तर ती आजही गप्प बसू शकली असती. खोलीत सगळ्यांची त्याला संमती होती, आणि भिंतीकडे बघणाऱ्याला तर त्याची गरजही होती. ज्यांना ज्यांना फोन झाले होते ते सगळे तिला आठवले. फोन तिनंच धरला होता.

"काका, चाचणी असं काही नसतं. त्या दिवशी मी चुकून चांगला हात बधिर केला. तुम्ही आत्ताच डॉक्टरांना फोन करा आणि सांगा, चांगल्या हाताला हात लावू नका."

कर्नलांचा हात मिशीवरून खाली आला.

"चुकून."

"हो."

"आणि हा आम्हाला सगळ्यांना..."

"त्यांना आज सकाळी कळलं. मी सांगितलं तेव्हा."

"म्हणजे मी त्या बिचाऱ्या डॉक्टरशी भांडलो ते..."

"उगाच भांडलात."

कर्नल बाबांकडे वळले. बाबांचा उजवा डोळा अर्धा मिटलेला, डावा सताड उघडा.

"हा बघा, वर डोळा मारतोय!"

क्षणभर सुनेलाही वाटलं, की असेल. मग ती म्हणाली, "औषधानं होतं ते." पुस्तकात तसंच दिलेलं असतं, आणि ती डॉक्टर असल्यामुळे तिला दुसरं काही समजून घ्यायची सोय नव्हती.

कर्नल फोन करायला व्हरांड्यात गेले. त्यांचा वाढत चाललेला आवाज आत येत होता. नवऱ्यानं मोबाईलमधून मान वर केली नाही.

"सूनबाई," बाबा म्हणाले. आवाज होता.

तिच्या लक्षात आलं, डॉक्टर म्हटलं नाही. "काय, बाबा?"

"माझा हात कुठे आहे?"

"इथंच आहे. झोळीत."

"कुठला?"

"उजवा."

"नीट बघून सांग."

तिनं पांघरूण बाजूला केलं. बाण अर्धा पट्टीखाली गेला होता, शेपूट तेवढं बाहेर होतं. ती वाकून नीट बघत राहिली.

"उजवा," ती म्हणाली.