चारशे कोटी माणसांच्या मागे

मित्रांनो, मी एक जुनं फंक्शन आहे. संगणकाच्या सी प्लस प्लस भाषेच्या भांडारात राहतं, नाव डिस्टन्स. रांगेतल्या दोन खुणा मला द्या, पहिलीपासून दुसरीपर्यंत किती पावलं ते मी सांगतं. खुणा उलट्या दिल्या, तर उत्तर उणे येतं. मला घडवणाऱ्यांनी हे स्पष्ट लिहून ठेवलंय. पण वाचतंय कोण? न वाचणाऱ्या शहाण्यांना बेंगळुरूत तोटा नाही.

त्यातलाच एक सुमंत. पुण्याहून आलेला, तोंडात सदा ‘सिंपल आहे यार’. तिथल्याच पीण्या भागातल्या एका दवाखान्यासाठी तो बोर्ड करत होता, पेशंटच्या पुढे किती जण आहेत ते दाखवणारा. मला त्यानं आधी पेशंटची जागा दिली, मग रांगेचं तोंड. म्हणे अंतर ते अंतर, इकडून मोजा नाहीतर तिकडून! मी उणे उत्तर दिलं. हा थांबला का? छे! त्यानं ते उत्तर उणे ठाऊकच नसलेल्या जातीच्या संख्येत कोंबलं. तिथे उणे दोन पडले की चारशे कोटींच्या वर जातात. कोड तपासणारा कंपायलर ओरडला, तर यानं त्याचे इशारेच बंद केले.

“टेस्ट केलंस ना?” टीम लीड सुखदानं विचारलं.

“हो गं, परफेक्ट!”

केलं होतं, रांगेत एकच नाव घालून. शून्य आलं. शून्याला कसलं आलंय उलटसुलट? धन्य तो इंजिनिअर!

बोर्ड लागला त्याच आठवड्यात सुमंतची आई, कल्पनाताई, धापा टाकत तिथे आली. सोबत शेजारीण कावेरी, मूळची बेळगावची. बोर्डावर भलामोठा आकडा पाहून कल्पनाताई उठलीच.

“एवढे लोक? आज काही नंबर लागत नाही.”

“स्वल्प थांबा की अक्का! दोनच तर माणसं दिसतायत.”

“बोर्ड माझ्या सुमंतनं केलाय. तो चुकायचा नाही.”

ती निघाली आणि पायरीवरच कोसळली. कावेरीनं आरडाओरडा करून माणसं जमवली, म्हणून वाचली.

सुमंत धावत आला. बोर्ड बघून पहिलं काय बोलला, तर फोनवर सुखदाला, “डिस्टन्समध्येच बग आहे!” वा रे पठ्ठ्या! मग तो आईपाशी गेला. नाकातली ऑक्सिजनची नळी सावरत तिनं कौतुकानंच विचारलं, “किती रे लोक होते माझ्यापुढे?”



दोन होते, मित्रांनो. मी सांगितलं होतं. मला तुमची शाबासकी नको, दयामाया तर नकोच नको. फक्त मी उणे म्हटलं, की माझं तोंड दाबू नका. आपण उलटे उभे आहोत का, ते आधी बघा.