ओनुफ्रीच्या हनुवटीखाली

दरीत धुके. कुणीतरी गजावर राळ घासते आहे. पेल्यात मधाची दारू. सुईत हिरवा दोरा.

मित्रांनो, हे सगळे अजून माझ्या पोटात घुमते. मी एक जुने व्हायोलिन आहे. कार्पेथियन डोंगरातल्या आमच्या गावात ओनुफ्रीच्या वाद्यमेळाशिवाय लग्न होत नसे. तो मला घेऊन पुढे चाले. संतूर आणि डफ मागून. माझा सूर दरीत उतरला की मेंढ्या चरायच्या थांबत, असे मला वाटे. कदाचित ते माझे स्वप्न असेल.

आमच्याकडे नवरीचा मुकुट बार्विनोकच्या वेलीची पाने शिवून करतात. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत व्हायोलिन थांबता कामा नये. थांबले तर संसार मोडतो, म्हणतात.

वासिलिनाच्या लग्नाच्या सकाळी तिचा मामा प्रोकिप झुलत आला.

"वाजवणारा पितो, मग ह्या बिचाऱ्यानं काय पाप केलंय?" म्हणत त्याने अख्खा पेला माझ्या पोटात ओतला.

सगळे हसले. ओनुफ्रीही हसला. क्षणभर मलाही गोड वाटले.

बायकांनी पाने शिवायला घेतली आणि दारूने माझ्या फळ्या जोडणारा सरस सुटू लागला. हनुवटीजवळची कड उकलली. सूर घोगरा झाला. नवरीच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओनुफ्रीकाका, थांबू नका हं!" वासिलिना रडवेली झाली.

ओनुफ्रीला बोलता येईना. सुटलेली कड त्याने हनुवटीने दाबून धरली होती.

"त्याला बोलायला लावू नकोस गं पोरी," शिवणाऱ्यांतली त्याची बायको हाफिया म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा गप्प बसलाय! आणि बायांनो, तुमच्याही गप्पा पुरेत. सुया चालवा!"

सुया सरसर धावू लागल्या. ओनुफ्रीचा घाम माझ्या लाकडात झिरपत होता. दुखत होते, तरी मला वाटले, मी पुन्हा रानातले झाड आहे आणि वारा माझ्यातून वाहतो आहे. शेवटचा टाका पडला. हाफियाने दोरा दातांनी तोडला. तेव्हा कुठे ओनुफ्रीने मान उचलली, आणि माझी कड उघडी पडली.

पुढे मला नव्या सरसाने जोडले. ओनुफ्री गेल्यावर मात्र मी वर्षानुवर्षे चुलीजवळच्या खुंटीवर सुकत राहिले. मित्रांनो, वाद्याला काही पाजू नका, धगीजवळ टांगू नका. मऊ फडक्याने पुसा, अधूनमधून वाजवा. आम्हाला तेवढे पुरते.

ओनुफ्रीच्या स्वतःच्या लग्नात व्हायोलिन मध्येच थांबले होते. तो आणि हाफिया बावन्न वर्षे नांदले.