सकाळची गोळी

मी बोलतोय तो साबेराबींच्या उशाकडच्या फळीवरून. मी त्यांच्या गोळ्यांचा डबा. निळ्या प्लास्टिकचा, प्रत्येक वाराला एक खण असलेला. नांदेडच्या एका मेडिकल दुकानात काचेआड पडून होतो. साबेराबींचं हृदय थकलं, पायांवर सूज चढली, तेव्हा त्यांच्या मुलानं, अकरमनं, मला घरी आणलं.

अकरमसारखा मुलगा मिळायला नशीब लागतं. दर रविवारी हात धुऊन तो मला भरायला बसायचा. एक गोळी इकडची तिकडं व्हायची नाही.

पण त्यातली सकाळची पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी साबेराबींना नकोशी झाली होती. तिनं सूज उतरायची, दमही कमी लागायचा. मात्र दुपारपर्यंत त्यांना सारखं मोरीकडं धावावं लागायचं.

त्यांची थोरली बहीण, आपा, हिमायतनगरला अंथरुणाला खिळलेली. साबेराबी एकदा बसनं तिच्याकडं निघाल्या. मी पिशवीत होतो. वाटेतलं भोकर गाव यायच्या आधीच, भरल्या बसमध्ये, त्यांची सलवार ओली झाली. तिथूनच त्या परतल्या. सुनेला, लुबनाला, तेवढं सांगितलं. "कसम हाय तुला, अकरमला बोलू नको."

मग त्या अधूनमधून ती गोळी माझ्यातून काढून गादीखाली सरकवू लागल्या. मला दिसत होतं. सांगणार कसा? पाय फुगले, श्वास अडकला, दवाखान्यात भरती करावं लागलं. घरी आल्यावर अकरमला गादीखाली गोळ्या सापडल्या.

"अम्मी, मरायचं हाय का तुला?"

"आपाला भेटायचं हाय रे."

"आधी तब्येत नीट होऊ दे. मग मीच नेतो."

अकरमच्या मते तब्येत काही नीट होत नव्हती आणि ते 'मग' काही येत नव्हतं. तपासणीत डॉक्टर रिपोर्ट बघायचे, आकडे सुधारले म्हणून मान डोलवायचे. खुर्चीतल्या साबेराबींना कुणी काही विचारायचं नाही.

एकदा तिथं नव्या डॉक्टर आल्या, भार्गवी. त्यांनी मला हातात घेऊन उघडलं आणि विचारलं, "आजी, या आजारपणामुळं तुमचं काय करायचं राहून गेलंय?"

साबेराबींनी लुबनाकडं पाहिलं. शेवटी लुबनानंच खाली मान घालून बसमधली गोष्ट सांगितली. अकरमचा चेहरा उतरला.

"जायच्या दिवशी ही गोळी सकाळी नका घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "बहिणीकडं पोचल्यावर घ्या."

"बस, इतकंच?" अकरमनं विचारलं.

इतकंच होतं. शुक्रवारी निघायचं ठरलं. साबेराबींनी आपाच्या डोक्याला लावायला तेल घेतलं, नवी ओढणी काढली.

बुधवारी पहाटे हिमायतनगरहून फोन आला. आपा गेली.

गोळी न घेता साबेराबी जीपनं निघाल्या. वाटेत कुठं थांबावं लागलं नाही. पोचल्या तेव्हा बायकांनी आपाला आंघोळ घालून कफनात गुंडाळलं होतं. साबेराबी जवळ बसून राहिल्या. अकरमनं मला उघडून गोळी पुढं केली. त्यांनी ती मुकाट्यानं घेतली.

आता त्या एकही गोळी चुकवत नाहीत. सूज नाही, रिपोर्ट चांगले. भार्गवी डॉक्टरांनी परवा पुन्हा विचारलं, "आजी, आता काय करावंसं वाटतं?"

"काही न्हाई. तुम्ही द्याल ते घेते."

मी भरलेला असतो, रिकामा होतो, पुन्हा भरला जातो. माझ्या हातात दुसरं काही नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल, तर तो भरण्याआधी, ज्याच्या गोळ्या आहेत त्या माणसाला, त्याचं काय करायचं राहिलंय ते एकदा विचारा. वेळेत विचारा.