काचेच्या कपाटातले कोट

शीतगृहात कामाला आठ बायका आणि कोट चार. आतली बाहेर आली की अंगातला कोट काढून बाहेरचीच्या हाती द्यायची, आणि तिने तो तसाच ओलागच्च अंगात चढवून गोठवलेल्या मासळीच्या पेट्या उचलायला आत जायचं. अस्तराला परकीचा घाम, बाहीला दोघींचा शेंबूड, आणि हातमोजे तर इतके बुळबुळीत की आत बोटं सरकवताना थोरली रोज तोंड फिरवायची.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. धाकटीची दोन बोटं महिनाभरापासून बाहेर आल्यावर पांढरीफटक दिसायची, टाचणी टोचली तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, कोरडे मोजे घाला, नाहीतर बोटं कापावी लागतील. थोरली हे मुकादमाला सांगायला गेली, तर त्याने कान कोरत कार्यालयातल्या काचेच्या कपाटाकडे मान उडवली. त्यात आठ कोरे कोट आणि मोज्यांचे आठ जोड घडी घालून ठेवले होते. ते म्हणे तपासणीसाठी. वापरले तर जुने दिसतील. या माणसाचं डोकं कुठल्या पेटीत गोठलं होतं कोण जाणे.

तपासणीच्या दिवशी मुकादमाने स्वतःच्या हाताने कपाट उघडलं. कोट वाटताना त्याने सगळ्यांना पढवलं की रोज हेच मिळतात म्हणून सांगायचं. बायकांनी माना डोलावल्या. थोरलीनेही डोलावली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

आत तासभर काम झाल्यावर तपासणीचे साहेब आले आणि नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. त्यांनी धाकटीला कोटाबद्दल विचारलं. रोज हाच घालते, ती खाली मान घालून म्हणाली. मग अधूनमधून खिशात हात घालून ऊब घेत जा, असा सल्ला साहेबांनी दिला. ती हात घालायला गेली तर खिशाचं तोंड शिवलेलं. कोऱ्या कोटाला कारखान्यात घालतात तो टाका अजून तसाच होता. साहेबांनी टाका पाहिला, मुकादमाकडे पाहिलं, कागदावर सही ठोकली आणि चहाला गेले.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मुकादम परत आला. कोट काढा, मोजे काढा, चुरगळू नका. धाकटीने मोजे ओढून काढले. तिची ती दोन बोटं आज गुलाबी होती.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कोऱ्या कोटाची बाही नाकाला लावली आणि सगळा जोर लावून नाक शिंकरलं. मग दुसरी बाही. मग धाकटीच्या मोज्यांना वरून नाक पुसलं, आतला भाग जपून कोरडा ठेवत. मग बाकीच्यांनीही बाह्या नाकाला लावल्या. उणे अठरा अंशांतून आलेल्या नाकांना काय तोटा.

मुकादम दोन पावलं मागे सरला. "शी! काय घाणेरड्या बायका आहात."

"रोज एकमेकींची घाण अंगावर घेतो," थोरली म्हणाली. "आज जिची तिच्या कोटाला. ठेवा आता कपाटात."

त्याने एक कोट चिमटीत उचलला, तोंड वाकडं केलं आणि जमिनीवर टाकून बोटं पँटला पुसली.

थोरलीने धाकटीचा हात हातात घेतला, ती दोन बोटं आधी मोज्यात सरकवली, मग बाकीची, आणि दोघी तेच कोट घालून पेट्या उचलायला आत गेल्या.