टिटवीला आलेलं स्थळ

टिटवी आठवीत होती तेव्हा तिच्या आत्याने स्थळ आणलं. पोरगी दिवसभर कलकल करायची, म्हणून बापाने तिचं हे नाव पाडलेलं. बाप सुतार. पुढे त्याची कामाची खोली, मागे घर. मुलगा स्वतःचा ट्रक चालवणारा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा.

"वयात आली की दोनाचे चार हात करावेत, हे धर्मातच सांगितलंय," आत्या म्हणाली. "माझं लग्न लांबलं तेव्हा रस्त्याने जाता-येता मी काय सोसलं, ते माझं मला माहीत. हिच्या वाट्याला ते नको."

टिटवीची आई भाकरी थापत राहिली. तिचंही लग्न त्याच वयात झालं होतं. नवरा कष्टाळू निघाला. पहिली दोन मुलं जगली नाहीत, पण ते नशीब, असं सगळे म्हणाले आणि तिनेही ते मानलं.

टिटवीने मानलं नाही. पाहुणे तारीख काढायला यायचे होते त्या सकाळी ती मागच्या दाराने सटकली आणि समोरच्या वेल्डरच्या घरात जाऊन बसली.

वेल्डर दुसऱ्या धर्माचा, पण सुताराचा जुना दोस्त. तो एकटाच सुताराकडे आला.

"पोर माझ्याकडे आहे. बायको तिला जेवायला वाढतेय. तू आधी शांत हो."

"आमच्या धर्मात नाक खुपसू नकोस!"

"तुमचं नाही, आमच्याच घरचं सांगतो. ग्रंथ वेगळा, बोलणं हेच होतं. माझी बहीण अशीच कोवळी दिली आणि बाळंतपणात गेली. आमच्यातलाच एक म्हातारा धर्मगुरू तेव्हा म्हणाला, लेकराला संसाराला जुंपा असं देव कुठेच सांगत नाही. लोक त्याच्याच अंगावर धावून गेले."

सुताराने हाताशी आलेली फळी फिरवली. ती वेल्डरच्या खांद्यावर बसली. दुसरा फटका कपाळावर. वेल्डर भुशात कोसळला, उठला आणि त्याने सुताराच्या तोंडावर मूठ हाणली. दोघेही ओठ फुटेस्तोवर एकमेकांना बडवत राहिले.

आरडाओरडा ऐकून टिटवी धावत आली. "काकांना मारू नका!"

बापाने वेल्डरला पुन्हा भुशात लोळवलं आणि तिचे केस धरले. फरफटत आत ओढली. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. कानामागून रक्त आलं, तरी त्याची फळी थांबेना.

"बसू दे दोन," आत्या म्हणाली. "आपोआप अक्कल येईल."

आई दारात उभी होती. टिटवी आता ओरडतही नव्हती. सतत बोलणारी ती पोर तोंड मिटून मार खात होती. आईने टेबलावरचा लाकडी हातोडा उचलला आणि नवऱ्याच्या मनगटावर सगळा जोर लावून मारला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

आत्या अंगावर आली, तसा तिने हातोडा पुन्हा उगारला. "पुढे याल तर तुम्हालाही सोडणार नाही, वन्सं."

मग ती नवऱ्याकडे वळली. "माझ्या बापानेही मला असंच मारून बोहल्यावर उभं केलं होतं. मी विसरूनच गेले होते हो."

पाहुणे आले ते रक्त बघून दारातूनच परतले.

सुताराचं मनगट वाकडंच जुळलं. टिटवीला एका कानाने कमी ऐकू येतं, पण ती शाळेत जाते. वेल्डर सुताराशी बोलत नाही.

एकदा सुताराने बायकोला विचारलं, "माझ्या घरात तुला एवढं दुःख होतं?"

"तुमच्या घरात नव्हतं. पण मला विचारलं होतं का कोणी?"



पुढच्या महिन्यात बातमी आली, ट्रकवाल्याने मागच्या गल्लीतली तेवढ्याच वयाची पोरगी ठरवली. त्या पोरीच्या घरी जायला आईने चपला घातल्या.

"हाकलून देतील," सुतार म्हणाला.

"देऊ देत."

तिला खरंच हाकललं. पायऱ्यांवरून ढकललं, गुडघा फुटला. फडकं बांधून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.