एकसष्टावी सही

बागियोच्या त्या कॉलेजात वाणिज्य शिकायला कोणी जात नसे. लोक क्लबात शिरायला जात, आणि क्लबाने घेतलं नाही की नाइलाजाने शिकत बसत. डिव्हिना मकाराएग दुसऱ्या वर्षाला होती आणि अजून शिकतच होती.

क्लब जिन्याखालच्या बाकांवर भरायचा. बाकांवर बसायचा हक्क सदस्यांचा. बाकीच्यांनी उभं राहायचं. आत यायचं असेल त्याला एक तक्ता मिळे. त्यावर एकसष्ट सदस्यांची नावं, प्रत्येक नावासमोर एक कोरी चौकट. सगळ्या सह्या आणा, तळाशी सचिवाची मंजुरी घ्या, बसा. सह्या मात्र फुकट मिळत नसत. एकाने तिला कँटीनच्या टेबलावर उभं करून तीन मिनिटं बुटांची स्तुती करायला लावली. बूट त्याचे. लुर्डेस नावाच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीने बाजारातून केळ्याचे गरम तुरॉन मागवले आणि आल्यावर सांगितलं की ती केळं खातच नाही. नवीन लोक आधी विचारतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

डिव्हिना हे सगळं गिळत होती, कारण सोमवारी मनिलाची बँक येणार होती. बँक उन्हाळी इंटर्नशिपला नऊ जण नेई, तेही फक्त या क्लबातले. बाकीच्यांनी सक्तीचे दोनशे चाळीस तास कॉलेजच्या कचेरीत झेरॉक्स काढून भरायचे. डिव्हिनाच्या बहिणीने ते भरले होते. ती आता दुसऱ्या कचेरीत झेरॉक्स काढते.

तक्त्याची मुदत शुक्रवार, संध्याकाळचे पाच. मंगळवारपर्यंत साठ सह्या झाल्या. उरला इसागानी, क्लबाचा सचिव. त्याच्या इस्त्रीच्या खिशाला तीन पेनं असत आणि तिन्हींची टोपणं घट्ट.

"दादा, तेवढी सही द्या ना."

"तुझ्यात क्लबाची भूक दिसत नाही मला."

"सकाळपासून तुमच्या लोकांसाठी तुरॉनच्या रांगेत होते. भूकच आहे नुसती."

इसागानी हसला नाही. हसणं नियमावलीत नव्हतं, आणि नियमावली त्यानेच लिहिली होती, अठ्ठेचाळीस पानांची. त्याने कपाटाची किल्ली तिच्यापुढे टाकली. दहा वर्षांचे जुने तक्ते आडनावांप्रमाणे लाव, मग बघू, म्हणाला. 'बघू' म्हणजे नाही, हे डिव्हिनाला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी तिने दोन दिवस धूळ खाल्ली.

गुरुवारी तिच्या हाती खुद्द इसागानीचा तक्ता लागला. त्यात एक चौकट कोरी होती, क्रिस्पिनच्या नावासमोर. आणि तळाशी सचिवाची मंजुरी होती, इसागानीच्याच हातची. त्या वर्षी किल्ली सांभाळायला कोणी तयार नव्हतं, म्हणून आल्या दिवशीच त्याला सचिव केलं होतं, आणि त्याने पहिलं काम स्वतःपासून सुरू केलं होतं.

क्रिस्पिन नवव्या वर्षाला होता. तो बाकावर बसे, कारण जिन्याखाली फोन चार्ज करायची सोय होती. डिव्हिनाने विचारलं तेव्हा त्याने मान वर न करताच सांगितलं, "मी त्याला एकच विचारलं होतं, तू क्लबात कशाला येतोयस? चार वर्षं झाली. गेलाय उत्तर आणायला."

शुक्रवारच्या सभेत तिने तो तक्ता सगळ्यांपुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, की जो सदस्यच नाही त्याची सही लागते का. लुर्डेसने नियमावलीचं पान अकरा मोठ्याने वाचलं, चव घेत घेत: एक जरी चौकट कोरी, तर सदस्यत्व नाही, अपील नाही. बँकेच्या यादीत इसागानी पहिला होता आणि लुर्डेस दहावी. हात वर झाले. इसागानीचा सोडून सगळ्यांचे. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

इसागानीने तिन्ही पेनं खिशात सरळ केली. "पान बारा पण वाच," तो म्हणाला. "सदस्य नसलेल्याने दिलेली मंजुरी बाद. आता आपापल्या तक्त्यांच्या तळाशी कोणाची सही आहे ते बघा."

सगळ्यांनी बघितलं. मग एकेक जण बाकावरून उठला, कारण बसायचा हक्क सदस्यांचा. साठ माणसं जिन्याखाली उभी राहिली आणि क्रिस्पिन एकटा बसून राहिला. त्याला मंजुरी इसागानीच्या आधीच्या सचिवाने दिली होती, आणि तो केव्हाच दुबईला गेला होता. क्लबात आता एकच सदस्य होता, आणि त्याची सही डिव्हिनाकडे होती. क्रिस्पिनने स्वतःलाच सचिव नेमलं, तिच्या तक्त्याच्या तळाशी सही ठोकली आणि चार्जरची वायर बाजूला केली.

"बस," म्हणाला.

पाचाला वीस मिनिटं होती. साठ जणांना आता दोन-दोन सह्या हव्या होत्या. क्रिस्पिन मागेल त्याला देत होता, हात दुखेपर्यंत. डिव्हिनापुढे मात्र रांग लागली. सर्वांत पुढे लुर्डेस.

"डिव्हिना, अगं आपण मैत्रिणी ना!"

"माझं आडनाव काय?"

लुर्डेसने वाकून तक्त्यावर वाचायचा प्रयत्न केला. डिव्हिनाने त्यावर हात ठेवला. मागच्यांना तिने तेच विचारलं. कोणी बाउतिस्ता म्हणालं, कोणी रेयेस, आणि एकाने सरळ "ताई" म्हणून भागवायचं बघितलं. आडनाव एकट्या इसागानीला माहीत होतं, कारण तक्त्यावर ते त्यानेच लिहिलं होतं, पण तो रांगेत आलाच नाही. तो घड्याळाकडे बघत उभा होता, आणि पाचाच्या ठोक्याला त्याने सगळ्यांची पेनं गोळा करून मुदत संपल्याचं जाहीर केलं. त्याच्याइतकं क्लबाचं काम कोणीच केलं नव्हतं.

सोमवारी बँकेच्या बाईंपुढे नऊ खुर्च्या होत्या आणि एकटी डिव्हिना. क्रिस्पिनला नोकरी नको होती.

"तुमच्या क्लबात सदस्य किती?" बाईंनी विचारलं.

"दोन."

"आणि आत यायला धडपडणारे?"

"साठ."

बाईंनी चष्मा काढला. इतकी कडक निवड त्यांनी मनिलातही पाहिली नव्हती, म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षीही माणसं इथूनच न्यायची असं त्यांनी वहीत लिहून घेतलं.